गुहेतली लाल दोरी

संकर्षणने सकाळी नऊलाच जाहीर केलं, की आज मधल्या खोलीत शार्कची गुहा होणार आणि तिघांपैकी एक जण त्यात मरणार. कोण मरणार याच्या चिठ्ठ्याबिठ्ठ्या टाकायच्या नव्हत्या. त्याने ते आधीच ठरवून टाकलं होतं. कांचन मरणार, कारण ती सारखी मध्ये बोलते, आणि असल्या सिनेमात मध्ये बोलणारा माणूस नेहमी पहिला जातो.

कांचनने सांगितलं, की तुझ्या गुहेत तू एकटाच शीर आणि एकटाच मर, मला काही हौस नाही.

मे महिन्याची सुट्टी होती. मैसूरच्या अग्रहार भागातल्या त्या घरात दुपार डोक्यावर यायच्या आधीच भांडणं सुरू व्हायची, तशी आजही झाली. संकर्षण बारा वर्षांचा. पाण्याखालच्या गुहा आणि त्यात दबा धरून बसलेला शार्क, असल्या भयपटांचं त्याला व्यसनच होतं. कुठल्याही सिनेमाची पहिली पाच मिनिटं बघून शेवट कसा होणार हे तो सांगायचा, आणि वैताग म्हणजे ते बरोबर निघायचं. कांचन तेरा वर्षांची, वरच्या मजल्यावर राहणारी. तिच्या बाबांना नंजनगूडच्या सूतगिरणीत नोकरी लागली म्हणून ते गेल्या वर्षी इचलकरंजीहून आले होते. संकर्षण आणि पावनी या दोघांचं कन्नड मिसळलेलं मराठी ती दिवसातून दहा वेळा सुधारायची, आणि तू टीव्हीवरच्या बातम्यांसारखी बोलतेस असं म्हणून हे दोघं तिला चिडवायचे.

तिसरी पावनी. संकर्षणची चुलत बहीण, कांचनच्याच वर्गातली. ती उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गुहा हा शब्द ऐकला तरी हल्ली तिचं तोंड कडू व्हायचं.

का, ते सांगायला हवं. नंजनगूडच्या अलीकडे सूत रंगवायचा एक बंद पडलेला कारखाना आहे. तिथल्या भल्यामोठ्या हौदात एका सिनेमावाल्यांनी प्लास्टरची गुहा बांधली होती. सिनेमा अर्थातच शार्कचा. नायिकेला पोहता येत नव्हतं, म्हणून तिच्या जागी पाठमोरी पोहणारी एक मुलगी हवी होती. संकर्षणचे बाबा, म्हणजे पावनीचे दिगंबरकाका, यांचं रंगांचं दुकान. या घराण्यात पूर्वी सगळेच कापड रंगवायचे. आता तो धंदा उरला नव्हता, पण काकांच्या हातात अजून जुनी कला होती. सिनेमावाल्यांना लागणारं सगळं रंगकाम काका करत होते, आणि त्यांनी छाती फुगवून सांगितलं, की आमच्या घरात पोहणाऱ्या एक सोडून दोन मुली आहेत.

नऊ दिवसांपूर्वी दोघींची परीक्षा झाली. आधी पावनी, मग तिची सोळा वर्षांची बहीण चैत्रा. गुहा म्हणजे पाण्याखालचा पंचवीस फुटांचा बोगदा. मध्ये एक वळण. वळणावर डावीकडे गेलं की बाहेर पडायची शिडी, उजवीकडे गेलं की बंद कोनाडा, त्यात रबरी शार्क बसवलेला. रस्ता कळावा म्हणून भिंतीला एक लाल दोरी लावली होती. ती हाताने धरायची नाही, फक्त नजरेने धरायची आणि हातांनी पोहायचं, असा दिग्दर्शकाचा हुकूम. डोळ्यांवर चष्माही नाही, कारण सिनेमात तो शार्कने ओढून नेलेला असतो.

पावनीने बुडी मारली. आठ-दहा हात मारले असतील नसतील, तोच दोरी नाहीशी झाली. होत्याची नव्हती झाली. तिने भिंत चाचपली, हाताला नुसतं खरखरीत प्लास्टर लागलं. छातीत धडधडायला लागलं. ती मागे वळली आणि आली तशी गुहेच्या तोंडातून बाहेर पडली, खोकत, नाकात पाणी गेलेली.

"आधी दोरी गेली, मग मी घाबरले," ती सगळ्यांना सांगत होती.

कोणी ऐकून घेतलं नाही. दोरी जागच्या जागी होती, लालभडक, वरूनही दिसत होती. तिथली सगळी व्यवस्था बघणारे पद्मनाभ म्हणाले, की भित्री मुलं आणून आमचा वेळ खाऊ नका. मग चैत्रा उतरली आणि अठरा सेकंदांत पलीकडे निघाली. केस पिळत सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, डोळ्यांसमोर तर आहे दोरी. भित्री कुठली!"

तेव्हापासून बहिणी-बहिणींचं बोलणं बंद होतं. जेवताना पावनी म्हणायची, संकू, तिला सांग, मीठ दे. चैत्रा म्हणायची, संकू, तिला सांग, हात लांब आहेत ना, घे. संकू बिचारा दोन घास कमी खायचा. त्याहून वाईट म्हणजे पावनीला आता स्वतःचाच संशय यायला लागला होता. आपण खरंच आधी घाबरलो आणि मग आपल्याला दोरी दिसेनाशी झाली, असं तर नसेल? नऊ दिवस माणसाला भित्री म्हटलं की त्याचं काय होतं ते ज्याने ऐकून घेतलंय त्यालाच कळतं.

आणि आज खरं चित्रीकरण होतं. चैत्रा सकाळी सातलाच काकांबरोबर गेली होती.

संकर्षणने दोन खाटा जोडल्या, त्यांवर काळी घोंगडी टाकली, खिडक्या लावून घेतल्या. समुद्र वाटावा म्हणून आत निळा झिरोचा दिवा लावला. आणि गुहेत दोरी हवीच, म्हणून काकांनी सिनेमासाठी दोरी रंगवली होती तिचा उरलेला हातभर तुकडा घोंगडीच्या आतल्या बाजूला टाचणीने लावला. मग त्याने कांचनला मरायला आत पाठवलं.

कांचन आत गेली आणि लगेच बोलली, कारण तिला राहवतच नाही. "दोरी कुठेय? लावलीच नाहीस तू."

लावलीय, संकर्षण म्हणाला. नाही, कांचन म्हणाली. दोघांचं तिथेच जुंपलं. संकर्षण आत शिरला, चाचपून बघितलं, दोरी हाताला लागत होती. दिसत नव्हती. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, तर ही समोर, लालचुटूक. टॉर्च बंद केला, की गेली. काळ्या घोंगडीवर काळी होऊन बसली.

उंबऱ्यावरची पावनी उठली. तिने संकर्षणच्या हातून टॉर्च घेतला आणि स्वतः चार वेळा लावून-विझवून बघितला.

"त्या दिवशी मी आत असताना कोणीतरी निळे दिवे लावले होते," ती हळूच म्हणाली. "मिनिटभरच. बघायला म्हणून. मी म्हटलं डोळ्यांत पाणी गेलं असेल."

मग तिघांनी भराभर मेळ घातला. चैत्रा उतरली तेव्हा निळे दिवे बंद झालेले. नंतरचे सगळे सराव साध्या पांढऱ्या ट्यूबखाली झाले. निळ्या उजेडात ती आज पहिल्यांदा उतरणार. काळं प्लास्टर, काळी झालेली दोरी, डोळ्यांवर चष्मा नाही आणि वळणावर दोन वाटा. एक शिडीकडे, दुसरी कोनाड्यात. कोनाड्यातून वर यायला जागा नाही.

पावनीला त्या क्षणी काय वाटलं ते सांगितलंच पाहिजे, लपवण्यात अर्थ नाही. आधी तिला आनंद झाला. आपण भित्री नाही, हे तिला उजेडात दिसलं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं, की आज अक्का, म्हणजे चैत्रा, आत जाणार होती. अक्कावर ती चिडलेली होती, तिचं तोंड बघायची इच्छा नव्हती, पण अक्काला काही होऊन चालणार नव्हतं.

काकांना फोन लावला. बंद. सेटवर सगळ्यांचे फोन फाटकापाशी टोपलीत काढून ठेवायला लावायचे, शार्कचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून. पावनीची आई पेपर तपासायला कॉलेजात, तिचाही फोन बंद. बाबा बंगळुरूला. तेव्हा तिघं धावली ती मागच्या अंगणात, आजोबांकडे.

गोपाळराव आजोबांचे गुडघे गेले होते, डोळे नव्हते गेले. त्यांनी खोलीत येऊन निळ्या दिव्याखाली दोरी बघितली, टॉर्चखाली बघितली, आणि मटकन खाटेवर बसले.

घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ होती. आजोबा तरुण असताना एका नाटक कंपनीने त्यांच्याकडून नायिकेचा लाल शालू रंगवून घेतला होता. आजोबांनी तो अंगणात उन्हात पारखला, असा लाल की मैसूरभर बोलबाला झाला. पहिल्याच खेळात लग्नाचा प्रसंग चांदण्यातला निघाला, रंगमंचावर निळे दिवे लागले आणि नवरी भर मांडवात काळी शाल गुंडाळून उभी. लोक खुर्च्या बडवून हसले. तेव्हापासून घरातला नियम ठरला होता. कापड जिथे वापरायचं, तिथल्याच उजेडात बघून मगच पुढे द्यायचं. ही गोष्ट दिगंबरकाका स्वतः पाहुण्यांना खुलवून खुलवून सांगायचे. आणि त्यांनीच ही दोरी दुकानाच्या दारात, उन्हात धरून पसंत केली होती.

आजोबांनी माळ्यावरून एक वेटोळं काढायला लावलं. रंगवलेलं कापड वाळत घालायची जुनी सुती दोरी. ती कधीच रंगवत नसत, नाहीतर तिचा डाग कापडाला लागायचा. कोरी, पांढरी. संकर्षणने ती निळ्या दिव्याखाली धरली, तर ती दुधाची धार सांडावी तशी लख्ख दिसली.

"ही घेऊन जा. मला घेऊन गेलात तर पोचायला संध्याकाळ होईल," आजोबा म्हणाले. "आणि दिगंबरला माझं नाव घेऊन विचारा, कुठल्या उजेडात बघितलीस?"

ऑटो, मग नंजनगूडची बस. कर्नाटकातल्या बायका-मुलींना बस फुकट असते, म्हणून पावनीने नुसतं आधार कार्ड दाखवलं. कांचनच्या कार्डावर इचलकरंजीचा पत्ता, म्हणून तिला तिकीट, आणि त्यावरून ती कंडक्टरशी तीन थांबे भांडत होती. पावनीला काही ऐकू येत नव्हतं. चित्रीकरण बाराला, असं अक्का काल आईला सांगत होती. उसाच्या शेतांमागून ऊन तापत होतं. बस रेल्वे फाटकाशी थांबली तेव्हा पावनीला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

कारखान्यापाशी उतरले तेव्हा पावणेबारा झाले होते.

फाटकावर वॉचमन. मुलांना आत सोडायचं नाही, त्यातून पावनी नावाच्या मुलीला तर नाहीच, असं त्याला बजावून ठेवलेलं होतं. ती अगदी हात जोडून सांगत होती, की आतल्या कोणालातरी बाहेर बोलवा, जिवाचा प्रश्न आहे. त्याने हातातली काठी फाटकावर आपटली आणि कन्नडमध्ये म्हणाला, रोज कोणीतरी हेच सांगून शार्क बघायला येतं.

संकर्षण सरळ रस्ता ओलांडून गेला. समोर बसथांबा होता, चहाची टपरी होती, जवळच्या गिरणीतली पाळी सुटलेले वीस-पंचवीस कामगार उभे होते. तो मोरीच्या कठड्यावर चढला आणि खणखणीत कन्नडमध्ये त्याने आत चाललेल्या सिनेमाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. चार मित्र गुहेत उतरतात. त्यांतला विनोद करणारा पहिला जातो. टॉर्च विझतो. नायिकेचा चष्मा जातो. शार्क आंधळा असतो, तो वासाने येतो, आणि वळणावर...

चष्म्याखेरीज त्याला कथेतलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण अशा सगळ्या सिनेमांची गोष्ट एकच असते, आणि सिनेमावाल्यांना मात्र वाटतं की आपली जगावेगळी आहे. वॉचमन आत पळाला आणि मिनिटाभरात पद्मनाभ लालबुंद होऊन बाहेर आले. "कुणी सांगितली तुला कथा? आमच्यातलाच कोण फुटला?" असं ओरडत ते रस्ता ओलांडायला लागले. वॉचमन त्यांच्यामागे. संकर्षण कठड्यावरून हलला नाही. आवाज चढवून तो शेवटाकडे वळला.

फाटक उघडं राहिलं होतं. पावनी आणि कांचन वाकून आत घुसल्या.

शेडमध्ये सगळीकडे निळा उजेड पसरला होता. गुहेच्या तोंडावर मात्र एक पांढरा दिवा टांगला होता, काम करणाऱ्यांना दिसावं म्हणून. भिंतीला टेकवून हवेची एक नळकांडी ठेवलेली. पाण्यात शिडीपाशी थांबायला म्हणून जो पाणबुड्या यायचा होता, तो कान दुखतोय म्हणून आलाच नव्हता. पद्मनाभांनी म्हटलं होतं, मुलगी राज्य पातळीवर पोहते, अठरा सेकंदांचं काम, पाणबुड्या काय करायचाय?

चैत्रा काठावर उभी होती. दिगंबरकाका तिचा टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत बसले होते. पावनीला बघून ते उठलेच.

तिने एका दमात सगळं सांगितलं. निळ्या उजेडात लाल दोरी दिसत नाही, आज अक्काला आत पाठवू नका. काकांचा चेहरा कठोर झाला. त्यांच्या कामाला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसे, आणि इथे तर पन्नास माणसांसमोर घरचीच पोर ठेवत होती.

"माझ्या हातचा रंग आहे तो. दहा दिवस पाण्यात आहे, थेंबभर सुटला नाही."

"सुटला असं मी कुठे म्हणतेय? दिसणार नाही म्हणतेय."

काकांनी तिचा दंड धरून तिला गुहेच्या तोंडाशी नेलं आणि आत बोट दाखवलं. पांढऱ्या दिव्याखाली दोरी लालभडक दिसत होती. ही काय, म्हणाले, आंधळी आहेस का? पावनी सांगत होती की हा दिवा बंद करा, मग बघा. पण दिवे बघणाऱ्या माणसाने नाही म्हणून मान हलवली. दिग्दर्शक घड्याळ दाखवून ओरडायला लागला होता, की ही पोरं इथे आली कशी.

"आजोबांनी विचारलंय," पावनी म्हणाली, "कुठल्या उजेडात बघितलीस?"

काकांनी तिचा दंड सोडला आणि ते पुन्हा आत वाकून बघायला लागले. पण तोवर चैत्रा पुढे आली होती.

"तुला जमलं नाही, म्हणून मलाही जमू नये, एवढंच ना?" ती म्हणाली. नऊ दिवसांत संकूला मध्ये न घेता ती हे पहिलंच वाक्य बोलत होती.

पावनीला वाटलं कोणीतरी थोबाडीत मारली. चैत्राने तोंड फिरवलं, श्वास भरून घेतला, दिग्दर्शकाने हात खाली केला आणि ती पाण्यात गेली.

भांडायला आता कोणी उरलं नव्हतं. पावनी हौदाच्या दुसऱ्या टोकाला धावली. कांचनने न सांगताच पांढऱ्या दोरीचं एक टोक शिडीला अडकवून हातात धरलं, दुसरं पावनीने कमरेला बांधलं. दोन हिसके दिले की ओढ, एवढंच ती म्हणाली. कांचन एकदाही मध्ये बोलली नाही. ती मोजत होती. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

शिडीखालचं पाणी हललं नाही. वीस. बावीस. पलीकडे सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होते. काका अजून गुहेच्या तोंडातली लाल दोरी बघत होते. पंचविसाव्या आकड्याला पावनीने उडी मारली.

आत सगळं निळं होतं आणि भिंती काळ्या. लाल दोरी कुठेच नव्हती. छातीत तेच धडधडणं. पण या वेळी तिला कारण माहीत होतं, आणि कारण माहीत असलं की भीती असूनही हात हलतात. तिने एक हात भिंतीवरून घासत नेला. वळण आलं. समोर शार्कचा जबडा, रबरी आहे हे माहीत असूनही अंगावर येणारा. आणि त्याच्या कुशीत, कोनाड्याच्या टोकाशी, फिकट दिसणारे दोन तळपाय वेडेवाकडे हलत होते. अक्का प्लास्टरवर हात मारत होती. तिथे वाट आहे असं तिला वाटत होतं.

पावनीने तिचा घोटा धरला. घाबरलेल्या चैत्राने लाथ मारली, ती पावनीच्या ओठावर बसली. पावनीने घोटा सोडला नाही. तिने कमरेची दोरी ओढून चैत्राच्या हातात कोंबली. चैत्रा वळली. तिच्यापासून शिडीपर्यंत एक पांढरी रेघ लख्ख दिसत होती. पावनीने दोन हिसके दिले आणि कांचनने अंगातलं सगळं बळ लावून ओढलं.

दोघी बाहेर आल्या तेव्हा पन्नासाव्या आकड्याच्या पुढे कांचनने मोजणं सोडून दिलं होतं आणि ती नुसती रडत होती.

चैत्रा काठावर पालथी पडून पाणी ओकत होती. काका टॉवेल घेऊन धावत आले, त्यांच्या पायातली चप्पल वाटेत राहिली होती. दिग्दर्शकाने पहिला प्रश्न विचारला तो शार्कला धक्का लागला का, हा. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग काका स्वतःच गेले आणि त्यांनी तोंडावरचा पांढरा दिवा विझवला.

सगळे वाकून बघत होते. गुहेच्या तोंडात दोरी नव्हती. काकांनी दिवा लावला, दोरी आली. विझवला, गेली.

तेवढ्यात पद्मनाभ संकर्षणचा कान धरून आत आले आणि या कार्ट्याने सगळा शेवट रस्त्यावर फोडला, अशी तक्रार करायला लागले. काका शांतपणे म्हणाले, की माझ्या मुलाचा कान सोडा, आणि तुमचा पाणबुड्या कुठे होता ते आधी सांगा. पद्मनाभांनी कान सोडला. संकर्षणला तेवढ्यात एकच काळजी होती, की शेवट बरोबर होता का. बरोबर होता, हेच पद्मनाभांचं दुःख होतं. त्या दिवशीचं काम थांबलं. पाणबुड्या हजर झाल्याशिवाय आणि बोगद्यात कोरी दोरी लागल्याशिवाय आता कोणी पाण्यात उतरणार नाही, असं दिग्दर्शकाला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

संध्याकाळी अंगणात सगळं घर जमलं. काका आजोबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, शालूची चूक मीच परत केली." आजोबा त्यांच्यावर रागावले नाहीत. त्यांनी पावनीला जवळ बोलावलं, तिचा सुजलेला ओठ बघितला आणि काकांना सांगितलं, की उद्यापासून दुकानातून कुठलाही रंग बाहेर जाण्याआधी या पोरीला दाखवत जा. आमच्या घरात तो शेवटचा शब्द आजवर थोरल्यांचा होता, आता हिचा. कांचनच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, दोरी धरणाऱ्याचा हात घट्ट नसेल तर बाकी सगळं वाया. संकर्षणचा लाल झालेला कान त्यांनी हळूच चोळला.

रात्रीचं जेवण लवकर वाढलं. आईचे डोळे दिवसभराचं ऐकून सारखे भरून येत होते. वरच्या मजल्यावरून कांचनची आई खाली आली होती. ती कौतुकाने म्हणाली, की बघा, पहिल्या वेळी इतकी घाबरलेली मुलगी, तरी परत आत गेली.

पावनीने मान खाली घातली.

"नाही काकू," चैत्रा म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आधी दोरी गेली. मग आम्ही घाबरलो."

आणि मग तिने संकर्षणला मध्ये न घेता, सरळ पावनीकडे बघून, मीठ मागितलं.